सरळ चालणाऱ्या दोन मोटरी

फार जुनी गोष्ट, माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाची. हौशी दिगंबररावांनी दगड चढणारी, वीतभर लांबीची रिमोटची गाडी बनवली. पुढच्या चाकांच्या आसावर एक मोटर, मागच्या आसावर दुसरी. दोघी पाठीला पाठ लावून बसवलेल्या. एक पुढे ओढी, दुसरी मागे. गाडी दगडाशी जागीच थरथरे.

मधली बॅटरी म्हणाली, "बायांनो, यात मी मरेन. एकीने वायरी उलट्या करून घ्या, म्हणजे दोघी एकाच दिशेला ओढाल."

"जाऊबाईंना सांगा, मी सरळच चाललेय," पुढची म्हणाली.

"मग मी काय वाकडी?" मागचीने विचारलं.

बॅटरी तापून फुगली. दिगंबररावांनी ती कचऱ्यात टाकली आणि दुप्पट ताकदीची आणली.

"म्हातारीतच दम नव्हता," पुढची म्हणाली.

"तर काय," मागची म्हणाली.

तेवढ्यावर दोघींचं पटलं. मग दोघी नव्या जोमाने निघाल्या, आपापल्या बाजूला, सरळ.