येसू सणगराची खळ

माणदेशात एका गावात येसू नावाचा एक सणगर घोंगड्या विणायचा. उभ्या धाग्याला चिंचोक्याची घट्ट खळ द्यायची, हा त्याच्या घरचा रिवाज. त्यामुळे घोंगडी अंगाला टोचायची, पण पावसाचं पाणी आत उतरू द्यायची नाही. मेंढपाळ तिच्यासाठी कोसभर चालत यायचे.

एकदा आठवड्याच्या बाजारात गिरणीच्या मऊ, रंगीत चादरींचं दुकान लागलं. तिथली गर्दी बघून येसूला वाटलं, आता आपलं गिऱ्हाईक तिकडं जाणार. खरं तर त्या गर्दीत मेंढपाळ एकही नव्हता, पण एवढं बघतो कोण? त्याने घोंगडीला लाल काठ लावला. मग आसनं विणली, पिशव्या शिवल्या. शेवटी घोंगडी मऊ लागावी म्हणून खळच बंद केली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

बायको भागू म्हणाली, "अवं, हे सगळं इणताय कुणासाठी?"

"जो घेईल त्याच्यासाठी," येसू म्हणाला.

पुढच्या पावसाळ्याची सोय करायला बिरूआबा धनगर आला. त्याला साऱ्या वाड्यासाठी, म्हणजे मेंढरांमागं बरोबर फिरणाऱ्या सगळ्या घरांसाठी, चाळीस घोंगड्या हव्या होत्या. येसूचं वर्षभराचं पोट त्यावर चालायचं. म्हाताऱ्याने एका घोंगडीची झोळी केली आणि तीत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी भळाभळा खाली गेलं.

"येसबा, ही घोंगडी म्हणायची का चाळण?"

येसू ओशाळला. "आबा, बाजारात लोक मऊ मागत्यात."

"बाजारातला माणूस छपराखाली निजतो. आमचं छप्पर हेच."

म्हातारा उठून चालू लागला. येसूने त्याचे पाय धरले आणि दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्याच दिवशी शहरातला एक व्यापारी आला. त्याला मऊ आसनं हवी होती, तीही दोनशे, आणि विसार रोख. माग एकच होता. येसूचा हात पुढे झाला, थांबला, मागे आला.

"शेठ, माझ्याच्यानं व्हायचं नाही," तो म्हणाला. भागूने चिंचोके भरडायला घेतले.

मुदतीच्या दिवशी बिरूआबा घोंगड्या घेऊन गेला. पुढच्या बाजारी एका बाईने येसूच्या घोंगडीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "टोचते की हो."

"टोचणारच, ताई. मऊ पाहिजे तर त्या समोरच्या दुकानात चांगली मिळते," येसू म्हणाला, आणि त्याने बोट करून दुकान दाखवलं.

तात्पर्य: आपलं गिऱ्हाईक कोण हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच बाकीच्यांना नाही म्हणता येतं, आणि धंदा त्या नकारावरच उभा राहतो.