अठरा खांबांचं प्रार्थनाघर

फार फार मागे, लांबच्या एका डोंगराळ मुलखात इब्री भाषा बोलणारी माणसं राहत होती. त्यांच्या लिपीत आकडे वेगळे नव्हते. अक्षर तोच आकडा. शब्दातल्या अक्षरांची बेरीज केली की त्या शब्दाचा अंक निघायचा. त्यांच्या बोलीत ‘जिवंत’ या शब्दाचा अंक अठरा.

गावाने नवं प्रार्थनाघर बांधायला काढलं, तेव्हा गावचा शास्त्री म्हणाला, “खांब अठराच. एक कमी नाही, एक जास्त नाही. अंक मोडला की गाव मेलं म्हणून समजा.”

लोकांना ते पटलं. पटलं म्हणजे भीती वाटली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं बघा.

तीन वर्षांत अठरा खांब उभे राहिले. वर दगडी छत चढलं. पहिल्या प्रार्थनेला एक दिवस उरला असताना थोरल्या पाथरवटाने शिडीवर चढून मधल्या तुळईला कान लावला. आत दगड बारीक करकरत होता. तुळईला छताचा भार पेलवत नव्हता. उद्या त्याच तुळईखाली गावच्या लेकी गाणार होत्या. त्यांत त्याची लेक शिफ्राही होती.

तो शास्त्र्याकडे धावला. “शास्त्रीबाबा, मध्ये अजून एक खांब हवा.”

“एकोणीस?” शास्त्री दचकला. “जीभ तरी कशी रेटते तुझी? शाप लागेल!”

“छत पडेल हो.”

“तू दगड फोड. अंकाचं मी बघतो.”

पाथरवटाने सोबत्यांना विचारलं. करकर सगळ्यांनी ऐकली होती. पण शास्त्र्यापुढे यायला कोणी तयार नव्हतं. “आमची नावं नको घेऊस बाबा,” एक जण पुटपुटला.

सकाळी गाव जमलं. पाथरवट दारात आडवा उभा राहिला.

“हो बाजूला, करंट्या! गावावर शाप आणतोस?” लोक ओरडले. कोणी धोंडाही उचलला.

“अठरा म्हणजे जिवंत,” तो कसाबसा म्हणाला. “पण कोण जिवंत, शास्त्रीबाबा? आत जाणारी माणसंच ना?”

“मीच आधी जातो,” म्हणत शास्त्री ताठ आत शिरला. मधोमध पोचला, आणि डोक्यावर दगड करकरला. तो आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. शास्त्र्याचा पायच उचलेना.

पाथरवट आत धावला, त्याने शास्त्र्याला ओढत आणून दाराबाहेर ढकललं, आणि मागे सगळं छत खाली आलं. आया लेकींना घट्ट धरून होत्या.

शास्त्री वाचला. पाथरवटही वाचला, पण त्याचा उजवा हात दगडाखाली चेचला गेला. छिन्नी पुन्हा कधी त्या हातात बसली नाही. गप्प बसलेल्या सोबत्यांनी मग नवं प्रार्थनाघर बांधलं. मधल्या, एकोणिसाव्या खांबाची जागा शास्त्र्याने स्वतः आखून दिली.

लेकरांनो, जिवासाठी पाळलेला नेम जिवावरच उठला, तर नेम सोडावा आणि जीव धरावा.