राजाच्या ताटातली काळी भाकरी

पांघरूण घेतलंत का सगळ्यांनी? मग ऐका. डोंगरापलीकडच्या मुलखात भद्रसेन नावाचा राजा राज्य करायचा. त्याची राणी चंपावती, आणि एकुलती एक लेक केतकी.

राजाला सगळं अन्न पांढरंशुभ्र लागायचं, बरं का. तांदूळ मोत्यासारखा दिसेपर्यंत सडायचे. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचे. कोंडा सगळा मागच्या दारी, उकिरड्यावर.

पण केतकी काही बाळसं धरेना. चार पावलं चालली की मटकन बसायची. एक वैद्य आला, त्यानं चाटण दिलं. दुसऱ्यानं काढा दिला. तिसऱ्यानं नुसतीच मान हलवली. 

एका दुपारी राणी मागच्या दारी एकटी रडत बसली होती. कोंड्यावर चिमण्या टिपत होत्या. त्यातली एक चक्क बोलली, "राणी, दाण्यातलं बळ तुम्ही आम्हाला टाकता. मग लेकीला काय उरतं?" आणि गेली उडून.

मग राणीनं माहेरची नाचणी मागवली. स्वतः जात्यावर दळली, चाळली मात्र नाही. केतकीनं पहिला घास थुंकून टाकला. राणी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गव्हाच्या पिठात मूठभरच नाचणी मिसळली. पोरीनं तेही बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी राणीनं नाचणीची भाकरी राजाच्याच ताटात वाढली.

राजा ताटावरून उठायला लागला. "ही काळी भाकरी माझ्या घरात नको."

"का नको?" राणीनं हळूच विचारलं.

राजानं ताट दूर सारलं. मग म्हणाला, "लहानपणी शत्रूनं आमचं राज्य घेतलं. आई मला घेऊन रानात लपली. राज्य परत मिळेपर्यंत तिथं आम्ही हीच खायचो. ही दिसली की ते दिवस आठवतात."

"हिच्याच जिवावर तुम्ही वाचलात ना?" राणी म्हणाली.

राजा पुन्हा खाली बसला. त्यानं तुकडा मोडला, सावकाश चावला. डोळे भरून आले त्याचे. केतकी बघत होती. ती सरकत सरकत जवळ आली. "बाबा, मला द्या ना तुमच्यातला."

मग रोजच्या जेवणात कधी ज्वारी आली, कधी बाजरी, कधी हातसडीचा तांदूळ. एका दिवसात नाही हो काही झालं. पावसाळा सरला, थंडी सरली, तेव्हा कुठं केतकीच्या गालांवर रंग चढला. आणि एका सकाळी ती वासरामागं माळभर धावत सुटली. राजा धापा टाकत मागून म्हणतोय, "अगं, बापासाठी थांब जरा."

पुढं ती तिघंही सुखानं राहिली. चला, मिटा डोळे आता.