उबदार भिंतींचं नगर

एका राज्यात माणसं उदंड झाली आणि जागा थोडी उरली. धूम्रपुरी राजधानीत एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं राहत, माणसं पाळीपाळीनं झोपत. तेव्हा रणकेतू राजाने नदीपल्याडच्या माळावर नवं नगर उभारलं. सरळ रस्ते, प्रशस्त घरं, मधोमध राजवाडा. कितीतरी कुटुंबं हर्षाने राहायला गेली. युवराज सुकेतूही गेला.

कुणीच परतलं नाही.

राजकन्या मंजुलेखा भावाच्या शोधात निघाली. भर दुपारी नगर निःशब्द होतं. चुली थंड होत्या. घरांत भिंती मात्र असाव्यात त्याहून जास्त होत्या. एका भिंतीवर तिने हात टेकला. भिंत उबदार होती, आणि श्वास घेत होती. चुन्याखाली एक पापणी हलली.

"सुकेतू!" ती किंचाळली.

छपरावर पिंगळा बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, हा कंकाली म्हातारीचा शाप. हा माळ तिच्या लोकांचा. तुझ्या पित्याने त्यांना हुसकावलं. त्यांच्या घरांवर बांधलेली घरं राहणाऱ्यांना गिळतात."

"उतारा सांग."

"बुजवलेली विहीर उकर. मोडलेली वाट चाल. मग ज्यांचा माळ, त्यांना ठाव दे."

मंजुलेखाने विहीर उकरली. आधी तळातून रडणं वर आलं, मग पाणी. ती वाटेला लागली. वाट काटेवनातून जात होती, आणि प्रत्येक काटा सुकेतूच्या आवाजात म्हणे, "ताई, मागे वळून बघ." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण ती वळली नाही.

वनापार एका गुहेत कंकाली आपल्या लोकांसह बसली होती. सगळे राखेच्या रंगाचे.

"माय, घरी चला."

"कुठल्या घरी? माझ्या चुलीवर तुझ्या बापाचा राजवाडा उभा आहे."

मंजुलेखा पित्याकडे गेली. राजा गरजला, "राजवाडा पाडू? माळ ओसाड होता!"

तिने त्याला नगरात नेलं आणि त्याचा तळहात त्या भिंतीवर ठेवला. भिंतीत काळीज धडधडत होतं. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा लेक," तो पुटपुटला. "आणि मी म्हणालो, इथे कुणी नव्हतं." त्याने स्वतःच्या हातांनी कुदळ उचलली.

राजवाडा पडला. मोकळ्या जागी कंकालीने तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. धूर घरोघर फिरला. भिंती पापुद्र्यांसारख्या सुटल्या आणि त्यांतून माणसं बाहेर आली, पापण्यांवर चुना घेऊन. सुकेतू बहिणीच्या खांद्यावर कोसळला.

कंकालीच्या लोकांना त्यांचा माळ मिळाला. त्यांनी बोलावलं तेवढेच शेजारी राहिले. बाकीच्यांसाठी दुसरी गावं वसली आणि धूम्रपुरी मोकळा श्वास घेऊ लागली.

त्या राज्यात आजही नव्या वस्तीची पहिली रेघ ओढण्याआधी राजा अनवाणी त्या जमिनीवर जातो आणि विचारतो, "इथे कोण आहे?" उत्तर येईपर्यंत तो तिथेच उभा राहतो.

उत्तर येतंच.