काथ्या आणि कापूसखडा

राज्यांना अजून नावं पडायची होती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान टवकारून ऐकावी, कारण असले उद्योग मोठेच करतात.

काळ्या कातळाच्या एका डोंगरावर दोन वाड्या होत्या, एक वर आणि एक खाली. दोन्हींच्या मध्ये एकच विहीर. ती खणताना कातळात एक पोकळी लागली होती आणि पोकळीत नाना तऱ्हेचे खडे चमकत होते. त्यांत एक पांढराशुभ्र गोळा होता. अंगभर केसाहून बारीक तंतू, लांबून बघणाऱ्याला कापूसच वाटावा. तो उचलला आणि त्याच्याखालून पाणी उसळलं. जुन्या माणसांनी तिथेच ठरवलं की पाणी दोन्ही वाड्यांचं आणि हा कापूसखडा त्याला साक्षी. दर वर्षी जत्रेला दोन्ही वाड्यांचे पाटील त्याच्या तबकाला हात लावून तशी शपथ घेत. शपथ झाली की पुढच्या जत्रेपर्यंत पाण्याची काळजी मिटायची.

खड्यांची राखण वरच्या वाडीतल्या धुरपदाबाईकडे होती. सासूने तिच्या हाती एक टोपली सोपवली होती. तीत घोटून गुळगुळीत केलेल्या खड्यांसाठी मऊ फडकं होतं, टोकदार स्फटिकांच्या सांदीसाठी शेळीच्या केसांचा कुंचला होता. कापूसखड्यासाठी मात्र नुसती बोरूची पोकळ नळी. तिच्यातून हलकी फुंकर घालायची, दिवस गेला तरी चालेल, पण त्याला पाणी नाही की बोट नाही.

"आधी खड्याकडे बघ, मग टोपलीत हात घाल," सासू सांगायची. धुरपदा तसंच करत आली होती.

एका वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी खालच्या वाडीचा रायाजी पाटील विहिरीवर मांडलेले खडे बघायला आला. विहिरीवर बायकांची गर्दी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काय हो धुरपदाबाई, साक्षीच्या खड्यावर ही धूळ? तुमच्या वाडीला पाणी तेवढं हवं, राखण नको!"

आता ही धूळ आली कुठून? रायाजीच्याच खळ्यावर उपणणी चालली होती, आणि त्याचाच भुसा वाऱ्यावर उडून वर आला होता. धुरपदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खड्यांची तबकं उचलून ती तरातरा निघाली. घरी येऊन तिने हंडा आपटला, तांब्या आपटला.

"भुसा याचा, आणि वर मलाच अक्कल शिकवतो!"

धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "जाऊबाई, नळी आणून देऊ का?"

"त्याच्या भुशाला मी फुंकरा घालत बसू? उद्या त्या मेल्याचे डोळे दिपले पाहिजेत!"

तिने टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. चुलीपाशी पितळी भांडी घासायचा काथ्या पडला होता आणि वाटीत चिंच भिजत होती. तिने दोन्ही उचललं. आधी गारेसारखे कठीण, घोटीव खडे घासले. ते अंगाने दणकट. त्यांना काही झालं नाही, उलट लखलखले. झालं, बाई आणखीच चेकाळली!

"बघ! उगाच इतकी वर्षं लाड केले यांचे," ती म्हणाली आणि कापूसखड्याकडे वळली.

"जाऊबाई, त्याला नको. पाया पडते तुमच्या."

"हो बाजूला!"

तिने चिंचेचं पाणी ओतलं. उभे तंतू पटकन चिकटून बसले. ते सुटे करायला तिने काथ्या फिरवला, तर तंतू तुटून काथ्यातच यायला लागले. तिथे तरी थांबावं की नाही? पण रागावलेला हात थांबत नाही. उरलेले तंतू सारखे करायला तिने आणखी जोरात घासलं. शेवटी तबकात खरूज झाल्यासारखा एक पिवळट खडा उरला. धुरपदा आधी जावेवर ओरडली, मग खड्यावर ओरडली, आणि मग तोंडाला पदर लावून भिंतीशी बसून राहिली.

सकाळी दोन्ही वाड्या जमल्या. रायाजीने तबकाकडे नेलेला हात मागे घेतला.

"हा तो खडा नव्हे. साक्षीच उरला नाही, तर शपथ कसली?"

वरच्या वाडीच्या माणसांनी आरडाओरडा केला. खालच्यांनी काठ्या उचलल्या. धुरपदा मध्ये जाऊन उभी राहिली.

"पाटील, भुसा तुमच्या खळ्यावरचा होता आणि काथ्या माझ्या हातात होता. मला काय ती शिक्षा करा. पोरांचं पाणी तोडू नका."

रायाजीला तेवढंच हवं होतं. "ऐकलंत? बाई स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय!" असं म्हणून तो माघारी वळला. असल्या माणसाची मला चीड येते. कितीतरी वर्षं तो विहीर बळकावायचं निमित्त शोधत होता. पण ते तबकात घालून त्याच्यापुढे धरलं कुणी?

दिवस मावळायच्या आत खालच्यांनी विहिरीभोवती काटेरी कुंपण घातलं. तेव्हापासून वरच्या वाडीच्या बायका डोंगर उतरून नदीवर जायच्या आणि भरले हंडे घेऊन धापा टाकत चढायच्या. त्यांच्यात धुरपदाही असायची. तिला कुणी शिव्या देत नसे, पण हंडा उतरवायला कुणी हातही लावत नसे. कुंपणाजवळून जाताना रायाजीच्या नावाने तिचं रक्त शेवटपर्यंत तसंच उकळायचं.

म्हणून सांगतो, हत्यार वस्तूकडे बघून निवडावं. आपल्या रागाकडे बघून निवडलं की वस्तू जाते आणि राग तेवढा उरतो.