जस्ताची वडी

"आता सांगा आबा, एक तरी खोट काढता येईल का?"

जयवंत विचारत होता हरबा मिस्त्रींना. शिडाच्या होड्या बांधण्यात आणि डागडुजीत हरबांचा जन्म गेलेला. जयवंत नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली. या होडीची डागडुजी मात्र त्याने एकट्याने केली होती.

मी रंगाचा व्यापारी. उरलेले डबे परत न्यायला खाडीवर गेलो होतो. एकही उरला नव्हता.

त्या बंदराची एक रीत आहे. दुरुस्तीची होडी लाकडी टेकूंवर उभी असते. भरती आली की शेवटचा टेकू जो ठोकून काढतो, तो मिस्त्री. बाकीचे सगळे कामगार. तो हातोडा हरबांनी आजवर कोणाला दिला नव्हता. जयवंतला तो आज हवा होता. बघायला अर्धं गाव जमलेलं, बोलावणं त्याचंच.

हरबा होडीभोवती फिरले. फटींत ठोकलेला कापूस चाचपला. वर चढून इंजिनाच्या तेलात बोट बुडवलं, हुंगलं.

"इंजिन?"

"मिठाचा कण ठेवला नाही. धुतलं, पुसलं, वरून दोन हात रंग."

"बूड?"

"तीन हात. तोंड बघून घ्या त्यात."

"म्हणजे उघडं काहीच नाही..."

"तिळाएवढंही नाही."

हरबा खाली उतरले आणि होडी ढकलणाऱ्या मागच्या पंख्यापाशी वाकले. तिथे बुडाला जस्ताची वडी बसवलेली असते, तळहाताएवढी. खारं पाणी धातू खातं. वडी उघडी असली तर आधी तिला खातं, आणि पितळी पंखा वाचतो.

वडीही लालभडक रंगवलेली होती.

हरबांनी नखाने थोडा रंग खरवडला.

जयवंतला ठाऊक नव्हतं असं नाही. अशा डझनभर वड्या त्यानेच बसवल्या होत्या.

"तेवढीच ओबडधोबड दिसत होती, आबा. माणसं बघणार म्हणून..."

"पाण्याखाली?"

गर्दीत कोणीतरी हसलं. मीही हसलो असतो, पण रंग माझ्या दुकानचा. कमी पडल्याची तक्रार तीस वर्षं ऐकतोय. जास्त लागल्याची त्या दिवशी पहिली.

जयवंतने पत्र्याचा तुकडा घेतला आणि वडी घासून पांढरी केली. पाणी टेकूंना लागलं होतं.

"झाली. आता हातोडा?"

हरबांनी हातोडा काखेत धरला. कनवटीतून काहीतरी काढून जयवंतच्या तळव्यावर ठेवलं. याच होडीची गेल्या वर्षीची वडी. झिजून सुपारीएवढी उरलेली.

जयवंत तिच्याकडे बघत राहिला...

"मग मी कधी, आबा?"

"तू लावलेली एवढी झाली, की ये."