खैरमाळच्या खाणीवरचा दगडी राघू

वणीच्या पुढे खैरमाळला एक जुनी कोळसाखाण आहे. तिच्या बुजवलेल्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगडी राघू बसलेला दिसतो. त्याला नारळ चालत नाही, हिरवी मिरची लागते. गावातल्या म्हाताऱ्या तानाबाई आल्यागेल्याला त्याची हकिकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी या खाणीत लटारी पेंदोर नावाचा माणूस होता. आत अपघात झाला की अडकलेल्यांना काढायला उतरणाऱ्या टोळीत तो असे. त्याची बायको सायत्रा भारी फटकळ. त्यात घरच्या राघूने तिचं सगळं बोलणं हुबेहूब तिच्याच आवाजात उचललेलं. त्यामुळे सायत्रा पाण्याला गेली तरी लटारीला उसंत नसे, म्हणे.

एकदा खाणीत आग लागली, छत कोसळलं आणि पाळीची माणसं पलीकडे अडकली. आगीनंतर साचणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग; दिव्याच्या ज्योतीवरही तो कळत नाही. इवल्या जिवाला तो माणसाआधी लागतो. म्हणून टोळी पिंजऱ्यात मुनिया नेई. नेमकी तीच मांजराने खाल्लेली. तेव्हा सायत्रानेच घरचा पिंजरा आणून नवऱ्याच्या हाती दिला. दोघंही परत या, एवढंच ती बोलली.

खाली उतरताच राघू सुरू झाला. ‘बुढ्या, पाय उचल. जेवाले बरा धावतेस.’ टोळी गालात हसत चालली. एका वळणावर छताशी धरलेल्या जाळीच्या दिव्याची ज्योत लांबली, तिच्यावर निळी टोपी चढली. म्हणजे तिथे पेट घेणारा वायू होता. टोळीच्या सरदाराने दिवा हलकेच खाली घेतला आणि सगळे दुसऱ्या वाटेला वळले. तिथे दिवा छान जळत होता. तेवढ्यात राघू बोलता बोलता गप्प झाला.

लटारीला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्याने पुढच्याचा खांदा धरला.

“थांबा,” तो म्हणाला.

ज्योत तर ठीक आहे, असं सरदार म्हणाला.

“दिव्याचं मले सांगू नका. आमची बुढी बोलणं अर्ध्यावर सोडत नाही.”

राघू पिंजऱ्यात आडवा पडला होता. सगळे जड डोक्याने मोकळ्या हवेकडे मागे फिरले. लटारीने पंच्याने राघूला वारा घातला आणि जन्मात पहिल्यांदा, बोल रे बाबा, म्हणून विनवलं. बऱ्याच वेळाने राघूने डोळा उघडला. “झोपलास का?” त्याने विचारलं.

मग टोळीने ताडपत्रीचे पडदे लावून वारा आत वळवला आणि राघू बोलेल तिथवरच पाऊल टाकत गेली. पलीकडे अंधारात निपचित पडलेल्यांना बाईचा कडक आवाज आला. प्रत्येकाला वाटलं, आपलीच घरची आली. सगळे एकदम म्हणाले, “आलो, आलो.” त्या आवाजावरून ते सापडले.

वर सायत्रा उभीच होती. नवऱ्याला पाहून तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिचं सगळं राघूच बोलला, असं सांगतात.

आता खैरमाळची माणसं शेजारच्या नव्या खाणीत जातात. कमरेला वायू ओळखणारं यंत्र असतं. तरी आजही इथल्या बायका पाळीला निघालेल्या नवऱ्याला दारातून चार शब्द सुनावूनच धाडतात. एखादीने काहीच न बोलता हसून निरोप दिला, तर तो माणूस मुकाट्याने डबा खाली ठेवतो आणि त्या दिवशी खाणीत उतरत नाही.